गाळलेल्या गीतांची साक्ष

जुनी, लोकप्रिय झालेली कलाकृती नव्या वेषात पुन्हा लोकांपुढे आली, म्हणजे तिच्याविषयी दोन ठराविक मते ऐकू येतात. ज्यांचे बालपण जुन्या कृतीच्या संगतीत गेले, ते म्हणतात, ‘मुळाची सर हिला नाही’. आणि तरुण मंडळी म्हणतात, ‘काळाप्रमाणे बदलावयास नको काय?’ दोन्ही मते प्रामाणिक असतात, पण ती आवडीनिवडीपलीकडे जात नाहीत. अमेरिकेत तर अलीकडे अशा पुनर्निर्मितींची रीघच लागली आहे. १९६४ च्या ‘मेरी पॉपिन्स’चा पुढील भाग २०१८ साली निघाला, १९९१ चे ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ हे चलच्चित्र २०१७ साली जिवंत नटनटींसह पुन्हा रंगले, १९६१ च्या ‘वेस्ट साइड स्टोरी’स २०२१ साली नवा जन्म मिळाला. सहकुटुंब पाहावयाचे हे संगीत-चित्रपट आता घरोघरी पडद्यावर दिसतात, आपलीही मुले ते पाहतात. तेव्हा त्यांच्याकडे केवळ करमणूक म्हणून न पाहता, पाठ्यग्रंथाच्या निरनिराळ्या आवृत्त्या ताडून पाहाव्यात त्या दृष्टीने पाहता येईल काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

यासाठी आम्ही एकच उदाहरण घेतो, ते ‘ॲनी’चे. ही एकच संगीतिका १९८२, १९९९ आणि २०१४ अशी तीन वेळा चित्रित झाली. कथा एकच, प्रमुख गीते बहुतांशी तीच, आणि तरीही तीन चित्रपटांचे सांगणे तीन प्रकारचे आहे. हा फरक कोठे पडतो हे पाहू लागले, म्हणजे ध्यानी येते की तो ठेवलेल्या गीतांपेक्षा गाळलेल्या गीतांत अधिक स्पष्ट दिसतो.

आरंभी मुळाकडे जाऊ. जेम्स व्हिटकम रायली या अमेरिकन कवीची अनाथ मुलीवरील एक कविता १८८५ साली प्रसिद्ध झाली होती. तिच्या नावाचा आधार घेऊन हॅरल्ड ग्रे या चित्रकाराने १९२४ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’ पत्रात एक चित्रमालिका सुरू केली. लाल केसांची अनाथ ॲनी, तिचा कुत्रा सँडी, आणि तिला आश्रय देणारा कोट्यधीश ऑलिव्हर वॉरबक्स ही तीतील मुख्य पात्रे. ‘वॉर’ म्हणजे युद्ध आणि ‘बक्स’ म्हणजे बोलीभाषेतील डॉलर; धनाची उगमकथा नावातच सांगून ठेवलेली. ग्रे यांची श्रद्धा अशी, की कष्टाळू माणसाने स्वतःच्या बळावर वर यावे आणि उदार धनिकाने त्याला हात द्यावा. सरकारने मध्ये पडू नये. १९२९ च्या ऑक्टोबरात शेअरबाजार कोसळून अमेरिकेत महामंदी आली, १९३३ साली काम करू शकणाऱ्या चौघांपैकी एक बेकार होता, आणि त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष झालेल्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ‘न्यू डील’ या नावाने सरकारी साहाय्याचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. ग्रे यांना तो मुळीच मानवला नाही. त्यांचा राग एवढा, की १९४४ साली त्यांनी मालिकेत वॉरबक्सला मृत्यू आणविला आणि १९४५ साली, रूझवेल्ट यांच्या निधनानंतर, त्याला पुन्हा जिवंत केले!

आता यातील विलक्षण भाग पाहा. ग्रे १९६८ साली वारले. त्यानंतर काही वर्षांनी मार्टिन चार्निन यांनी गीते, चार्ल्स स्ट्राउस यांनी संगीत आणि टॉमस मीहन यांनी संहिता अशी कामे वाटून घेऊन या मालिकेवर एक संगीतिका रचली. ती २१ एप्रिल १९७७ रोजी ब्रॉडवेवर आली, सात टोनी पारितोषिके मिळवून गेली आणि १९८३ च्या जानेवारीपर्यंत तिचे २,३७७ प्रयोग झाले. या तिघांनी ग्रे यांची पात्रे घेतली, पण मत नेमके उलटे मांडले. ज्या रूझवेल्टांचा ग्रे यांना तिटकारा, तेच येथे मंचावर सहृदय नायक म्हणून अवतरले. व्हिएतनामच्या युद्धाने आणि वॉटरगेट प्रकरणाने खचलेल्या समाजाला, सरकार म्हणजे लोकांच्या दुःखाची जाण असलेली संस्था असू शकते, याची आठवण करून द्यावी असे या तिघांना वाटले असावे. रचना तरी तीच ग्वाही देते.

संगीतिकेची कथा १९३३ च्या डिसेंबरात घडते. अकरा वर्षांची ॲनी न्यूयॉर्कच्या नगरपालिकेच्या अनाथालयात आहे. तेथील व्यवस्थापिका मिस हॅनिगन मुलींना राबवून घेते. आपले आईबाप कधीतरी परत येतील या आशेवर ॲनी जगते. एकदा ती तेथून निसटते. रस्त्यात भेटलेल्या बेवारशी कुत्र्याला धीर देताना ती ‘टुमॉरो’, म्हणजे ‘उद्या’, हे गीत गाते. पुढे नाताळापुरता एखादा अनाथ घरी आणावा या विचाराने वॉरबक्सची चिटणीस ग्रेस तिला त्याच्या वाड्यात नेते, आणि कोरड्या व्यवहारी माणसाच्या अंतःकरणाला पाझर फुटतो. तिचे आईबाप असल्याची बतावणी करणारे ठग, बक्षिसाची मोठी रक्कम, अखेरचा उलगडा, हा पुढील भाग डिकन्सच्या वाचकांस परिचित वाटेल.

परंतु या कथेचे मर्म ‘टुमॉरो’च्या लगेच पुढे येणाऱ्या प्रवेशात आहे. हिंडताहिंडता ॲनी एका झोपडवस्तीत येऊन पोहोचते. महामंदीत घरदार गमावलेल्या लोकांनी शहराच्या कडेला पत्रे, फळ्या आणि खोकी यांची अशी वसाहत उभारली, की लोक तिला आधीचे राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर यांच्या नावाने ‘हूवरव्हिल’ म्हणत. तेथील माणसे हूवर यांचे उपरोधाने आभार मानणारे एक गीत गातात. काल कारकून, दुकानदार, कारागीर असलेली ही माणसे. त्या गीताने प्रेक्षकास एकाएकी उमगते, की ॲनी एकटी अनाथ नाही. सारा समाजच अनाथ झालेला आहे. एका मुलीला श्रीमंत पालक मिळाल्याने हा प्रश्न सुटणार नाही. म्हणूनच पुढे ॲनी वॉरबक्ससमवेत राष्ट्राध्यक्षांकडे जाते, मंत्रिमंडळापुढे तेच ‘उद्या’चे गीत गाते, आणि त्यातून रूझवेल्टांना ‘न्यू डील’ची कल्पना सुचते असा कल्पनाविलास नाटककाराने केला आहे. इतिहासाच्या शिक्षकाने येथे विद्यार्थ्यांस सांगावे, की तो कार्यक्रम प्रत्यक्षात १९३३ च्या मार्चपासूनच चालू झाला होता. डिसेंबरपर्यंत थांबला नव्हता. परंतु नाट्यदृष्ट्या ती योजना मार्मिक आहे. पहिल्यांदा ते गीत एक मूल एका कुत्र्यासाठी गाते; दुसऱ्यांदा तेच मूल ते राज्यकर्त्यांपुढे गाते. मध्ये हूवरव्हिल उभे आहे, म्हणून दुसऱ्या वेळी त्या साध्या आशेला अर्थ प्राप्त होतो.

पहिला चित्रपट १९८२ चा. कोलंबिया कंपनीने हक्कांसाठी ९५ लाख डॉलर मोजले आणि दिग्दर्शन पंचाहत्तरीच्या जॉन ह्यूस्टन यांच्याकडे दिले. आयलीन क्विन ही ॲनी, आल्बर्ट फिनी हे वॉरबक्स आणि कॅरल बर्नेट या मिस हॅनिगन झाल्या. बर्नेट यांचे काम आजही पाहत राहावे असे आहे. पण या चित्रपटात हूवरव्हिल नाही आणि तेथील गीतही नाही. कथा नाताळातून उचलून जुलैच्या राष्ट्रदिनाजवळ आणल्याने, नाताळ आणि ‘न्यू डील’ यांची सांगड घालणारे शेवटचे समूहगीतही गेले. त्यांच्या जागी कुत्र्याविषयीचे, चित्रपटगृहात जाण्याविषयीचे अशी नवी गीते आली. रूझवेल्ट यात आहेत, पण बेघर माणसे पडद्यावर नसल्याने त्यांची धडपड कोणासाठी चालली आहे हे बालप्रेक्षकास कळण्याचा मार्ग उरला नाही. उलट वॉरबक्सच्या वाड्यावर बाँब फेकणारा एक बोल्शेव्हिक मात्र नव्याने आला, आणि हा धनिक म्हणजे अमेरिकन व्यवस्था यशस्वी असल्याचा पुरावा होय, अशा आशयाचे स्पष्टीकरणही त्यासोबत आले. ग्रे यांना हे पाहून समाधान वाटले असते.

याच चित्रपटात आपल्या दृष्टीने लक्षणीय असे आणखी एक पात्र आहे. ग्रे यांच्या मालिकेत वॉरबक्सचा ‘पंजाब’ नावाचा एक पगडीधारी, जादुई सामर्थ्याचा हिंदुस्थानी सेवक असे. संगीतिकेने त्यास वगळले होते. ह्यूस्टन यांनी त्यास परत आणले, आणि त्रिनिदादमध्ये जन्मलेले नर्तक-नट जेफ्री होल्डर यांनी ती भूमिका केली. एका अख्ख्या प्रांताचे नाव एका सेवकास देऊन, त्याला गूढविद्या येते असे दाखविले, की झाला हिंदुस्थानी माणूस! पुढील दोन्ही चित्रपटांनी हे पात्र घेतले नाही. गाळणे हे नेहमीच हानीचे असते असे नाही, हेही येथे नोंदविले पाहिजे.

दुसरा चित्रपट १९९९ च्या नोव्हेंबरात दूरचित्रवाणीसाठी झाला. दिग्दर्शक रॉब मार्शल. अलिशिया मॉर्टन हिची ॲनी, व्हिक्टर गार्बर यांचा वॉरबक्स आणि कॅथी बेट्स यांची मिस हॅनिगन. आधीच्या चित्रपटाने सोडलेला नाताळ यात परत आला. न्यूयॉर्क शहरावरील गाळलेले गीतही परत आले, आणि त्यात १९७७ सालची मूळ ॲनी, अँड्रिया मॅकार्डल, लहानशा भूमिकेत गाऊन गेली. जुन्याविषयीचा आदर दाखविण्याची ही रीत मोठी गोड आहे. ग्रेसची भूमिका ऑड्रा मॅकडॉनल्ड या कृष्णवर्णीय गायिका-अभिनेत्रीस दिली आणि अखेरीस वॉरबक्सशी तिचा विवाह ठरतो. हेही एक पाऊल पुढेच होय. तिघांत हा मुळाशी अधिक इमानी, असे सर्वसाधारण मत आहे आणि ते बरोबर आहे. तथापि हूवरव्हिलचे गीत येथेही नाही. रूझवेल्ट येतात ते शेवटी, ॲनीच्या आईबापांविषयीचे सत्य उघड होण्याच्या वेळी. राज्यकर्ता येथे गुंता सोडविण्यास आलेला वडीलधारा पाहुणा आहे; देशाच्या दुःखाशी त्याचा संबंध कथेतून निघून गेला आहे.

तिसरा चित्रपट १९ डिसेंबर २०१४ रोजी आला. दिग्दर्शक विल ग्लक. निर्मात्यांत विल स्मिथ आणि जे-झी. या जे-झी यांनी १९९८ साली अनाथ मुलींच्या ‘हार्ड नॉक लाइफ’ या गीताचा मूळ ध्वनिमुद्रणातील तुकडा घेऊन आपले एक रॅप-गीत रचले होते. गरिबीत वाढलेल्या कृष्णवर्णीय तरुणांना त्या मुलींच्या गाण्यात स्वतःचा आवाज सापडला. पुनर्निर्मितीस याहून अधिक सबळ कारण कोणते हवे? ॲनीच्या भूमिकेत क्वेन्झाने वॉलिस ही कृष्णवर्णीय बालिका आहे. कथा आजच्या न्यूयॉर्कमध्ये घडते. अनाथालयाऐवजी, दर मुलामागे मिळणाऱ्या सरकारी रकमेकडे डोळा ठेवून मुली सांभाळणारी मिस हॅनिगन येथे आहे. वॉरबक्सचा झाला आहे विल स्टॅक्स, भ्रमणध्वनीच्या व्यापारातील धनिक, आणि तो नगराध्यक्षपदाचा उमेदवार आहे. वाहनाखाली येता येता त्याने ॲनीला वाचविले ते दृश्य लोकांत पसरते, मते वाढण्याची चिन्हे दिसतात, म्हणून सल्लागाराच्या सांगण्यावरून तो तिला घरी आणतो. दानधर्म आणि प्रसिद्धी यांचे आजचे नाते यात नेमके पकडले आहे.

शिक्षकांनी मन लावून पाहावा असा या चित्रपटाचा आरंभ आहे. प्रवेश शाळेच्या वर्गातला. ॲनी रूझवेल्ट आणि ‘न्यू डील’ यांविषयीचा आपला पाठ सादर करते. कागद वाचून नव्हे, तर साऱ्या वर्गाला टाळ्यांच्या आणि पायांच्या ठेक्यात सामील करून. वर्ग रंगतो. पुढे एका मोठ्या समारंभात तिच्यापुढे वाचण्यासाठी भाषण येते आणि ती पळून जाते. तेव्हा उघड होते की या मुलीला वाचताच येत नाही. पाठांतरात, अभिनयात, हजरजबाबीपणात चलाख असलेले मूल अक्षरशत्रू असू शकते आणि वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानात येत नाही, हे आम्हां शिक्षकांस ठाऊक असलेले कटू सत्य आहे. स्नेहसंमेलनात टाळ्या घेणारे मूल वाचनाच्या तासाला मागच्या बाकावर का सरकते, याची चौकशी आपण नेहमीच करतो असे नाही. मूळ संगीतिकेत नसलेली ही कल्पना नव्या चित्रपटाने घातली, त्याबद्दल त्यास श्रेय दिले पाहिजे.

परंतु त्या प्रश्नाला चित्रपटाने दिलेले उत्तर पाहा. अखेरीस स्टॅक्स उमेदवारी सोडतो आणि त्याच्या नावाचे साक्षरता-केंद्र उघडते. ज्या शाळेत ही मुलगी रोज जात होती, त्या शाळेचे काय झाले, हे कोणी विचारीत नाही. संगीतिकेत ॲनीच्या आईबापांचा तपास सरकारी यंत्रणेने लावला होता. येथे ठगांनी पळविलेल्या ॲनीचा माग सामान्य मुलांनी भ्रमणध्वनीवरून पसरविलेल्या छायाचित्रांनी लागतो. हूवरव्हिल तर नाहीच, आणि रूझवेल्टही नाहीत. ते शाळेतल्या एका पाठाचा विषय होऊन राहिले आहेत. या पाठात त्यांचे गुणगान होते, आणि पुढील कथा मात्र त्यांच्यावाचून सुखाने पार पडते. अनाथ मुलाला कोणी उचलावे, या प्रश्नाला ग्रे यांनी ‘धनिकाने’ असे उत्तर दिले, संगीतिकेने ‘धनिकाने आणि राष्ट्राने मिळून’ असे दिले, आणि शेवटच्या चित्रपटात आपण फिरून पहिल्या उत्तरापाशी आलो. नव्वद वर्षांत ॲनीचा वर्ण, वेष आणि ताल बदलला. हूवरव्हिलचे गीत तिन्ही चित्रपटांनी गाळले.

याचा परिणाम ‘टुमॉरो’ या गीतावर झालेला आहे. ते तिन्ही चित्रपटांत आहे, जगभर शाळांतून गायिले जाते, आणि त्याची चाल चटकन जिभेवर बसते. पण शेजारचे उपरोधाचे गीत काढून टाकल्यावर ते केवळ ‘उद्या बरे होईल’ एवढे म्हणत राहते. काल कोणाचे काय हरवले हे सांगितल्यावाचून दिलेले उद्याचे आश्वासन मुलास गोड लागते, पण त्यास काही शिकवीत नाही. आशेला कारण लागते. ते कारण गाळलेल्या गीतात होते. निर्मात्यांनी ते कपटाने गाळले असे आम्हांस म्हणावयाचे नाही. लांबी कमी करावयाची असते, लहान मुलांना हूवर कोण हे समजावे तरी कसे असा प्रश्न असतो, कथेची गती सांभाळावयाची असते. कारणे साधी आणि व्यावहारिक असतात; पण तिन्ही वेळा कात्री त्याच ठिकाणी चालली, हे मात्र विचार करण्याजोगे आहे.

मराठी वाचकास हा विषय परका वाटू नये. गद्य कथा पुढे नेते आणि पद पात्राचे अंतःकरण उघडते, ही वाटणी आपण किर्लोस्करांच्या काळापासून जाणतो. आरंभीच्या संगीत नाटकांत पदांची संख्या शंभराच्याही पुढे जाई. काळ बदलला तशी ती घटली, आणि कोणते पद ठेवावे हे गायकनटाच्या गळ्यावरून ठरू लागले. १८९९ साली रंगभूमीवर आलेले देवलांचे ‘शारदा’ हे जरठ-कुमारी विवाहाच्या रूढीवरील नाटक. त्याच्या संक्षिप्त प्रयोगात केवळ रंगणारी पदे ठेवली आणि रूढीचे वर्म सांगणारी गाळली, तर मैफल राहील, पण ‘शारदा’ राहणार नाही. अलीकडे आपल्याकडेही संगीत नाटके पडद्यावर येऊ लागली आहेत. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे, अभिषेकीबुवांच्या संगीताने नटलेले १९६७ चे ‘कट्यार काळजात घुसली’ २०१५ साली चित्रपट झाले, तेव्हा काही जुनी पदे ठेवून शंकर-एहसान-लॉय यांच्या नव्या रचनांची भर घातली गेली. १९११ च्या खाडिलकरांच्या ‘मानापमान’वरील चित्रपट २०२५ च्या जानेवारीत आला. या कृती आवडल्या की नाही यावर घरोघर वाद झाले; कोणते पद गेले आणि त्यासोबत कथेतील कोणता विचार गेला, यावर मात्र फारसे बोलले गेले नाही.

म्हणून आमची सूचना एवढीच आहे. जुन्या कलाकृतीचा नवा अवतार विद्यार्थ्यांनी पाहिला असेल, तर ‘कोणता बरा?’ हा प्रश्न थोडा बाजूस ठेवावा. त्याऐवजी त्यांना दोन्ही आवृत्त्यांतील गीतांची यादी करावयास सांगावे. कोणते गीत गेले, कोणते नवे आले, तेच गीत आता कोणाच्या तोंडी आणि कोणापुढे गायिले जाते, संकटातून सोडविणारा पूर्वी कोण होता आणि आता कोण आहे, एवढे त्यांना शोधू द्यावे. आठवी-नववीतील मूल हे सहज करू शकते, आणि हे करताना इतिहास, भाषा आणि संगीत हे तीन विषय त्याला एकाच ठिकाणी भेटतात. पाठभेदांचा अभ्यास हा पंडितांचाच प्रांत आहे असे समजण्याचे कारण नाही. बदल झाला म्हणून हळहळावे, किंवा झाला म्हणून हरखून जावे, यांपेक्षा तो कोठे झाला आणि त्याने कोणाचा आवाज बंद झाला हे पाहण्याची सवय मुलांस लागली, तर पुढे ती केवळ चित्रपटांपुरती राहणार नाही. आणि वर्गात हे चालू असताना, यादी तोंडी फार छान सांगणारे, पण लिहावयास मात्र टाळणारे एखादे मूल दिसले, तर शिक्षकाने तेथे थांबावे. त्या दिवशीचा खरा पाठ तोच आहे.